ड्रोन चालविण्याचें शिक्षण

गेल्या कांहीं हंगामांपासून आमच्या संघाच्या कचेरींत येणाऱ्या सभासदांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. मुलगा दहावी किंवा बारावी झाला आहे, शेतीवर त्याचें मन नाहीं, नागापूरच्या कारखान्यांत कायमचें काम मिळत नाहीं; तर त्यास ड्रोन चालविण्याच्या वर्गास घालावें काय? मुलींविषयींही हाच प्रश्न आतां येऊं लागला आहे. प्रश्न द्रव्याचा आहे. वर्गाची फी, यंत्राची किंमत व त्याकरितां काढावयाचें कर्ज हीं मिळून मध्यम स्थितीच्या कुटुंबावर अनेक वर्षांचा बोजा बसतो. म्हणून या विषयाची जी माहिती आम्हीं मिळविली ती येथें देत आहों. आमचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला. यंत्रविद्या आम्हांस येत नाहीं. तथापि नियम वाचणें, आंकडे मांडणें आणि कागद कोणत्या अधिकाराचा आहे हें ओळखणें हा आमचा धंदाच होता, आणि या विषयांत लोक याच तीन गोष्टींत फसतात असें आमच्या पाहण्यांत आलें आहे.

घरचेंच उदाहरण सांगतों. आमच्या पुतण्यानें दोन वर्षांपूर्वीं एका मोठ्या शहरांतील वर्गास पस्तीस हजार रुपये भरले. तीन दिवसांत शिक्षण आटोपून तो सोनेरी वेलबुट्टीचें एक प्रमाणपत्र घेऊन घरीं आला. आम्हीं तें हातांत घेऊन विचारलें, "यावर सरकारी क्रमांक कोठें आहे?" तो म्हणाला, "काका, क्लासचा शिक्का आहे कीं! सहीपण आहे." शिक्का होता, सहीही होती, परंतु तें नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचें चालक-प्रमाणपत्र नव्हतें, व त्या वर्गास तें मिळवून देण्याचा अधिकारही नव्हता. पैसे परत मिळाले नाहींत. त्या पस्तीस हजारांत आमच्या भावजयीनें एक गाय विकून आलेली रक्कम होती, हें आम्हांस मागाहून कळलें.

तेव्हां नियम काय आहेत तें आधीं पाहूं. भारत सरकारनें २५ ऑगस्ट २०२१ रोजीं ड्रोन नियम, २०२१ जारी केले व पुढें २०२२ आणि २०२३ सालीं त्यांत दुरुस्त्या केल्या. वजनावरून यंत्रांचे पांच वर्ग पाडले आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढें २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल म्हणजे लघु, १५० किलोपर्यंत मध्यम व त्यावरील मोठा. हें वजन रिकाम्या यंत्राचें नव्हे, त्यावर लादलेल्या मालासह धरावयाचें असतें. दहा लिटर टाकीचा फवारणीचा ड्रोन औषधासह बहुधा लघु वर्गांत येतो. लग्नाचीं छायाचित्रें घेणारा नॅनो किंवा मायक्रो असतो. चालक-प्रमाणपत्र हें ठराविक वर्गापुरतें असतें. मायक्रोचें प्रमाणपत्र खिशांत ठेवून फवारणीचा ड्रोन उडविणें म्हणजे दुचाकीच्या परवान्यावर मालट्रक हांकणें होय. नॅनोस, आणि धंद्यासाठीं न वापरलेल्या मायक्रोस, चालक-प्रमाणपत्र लागत नाहीं. परंतु मायक्रोवर मजुरी घेऊन काम केलें कीं तें लागतें.

हें प्रमाणपत्र मिळण्यास वय १८ च्या खालीं व ६५ च्या वर नसावें, दहावीची परीक्षा उत्तीर्ण असावी, आणि महासंचालनालयानें मान्यता दिलेल्या रिमोट पायलट प्रशिक्षण संस्थेंत शिक्षण घेऊन परीक्षा दिलेली असावी. पूर्वीं पारपत्राची अडचण येत असे. २०२३ च्या दुरुस्तीनें ती दूर झाली. मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका किंवा वाहनाचा परवाना चालतो. प्रमाणपत्र दहा वर्षें चालतें. मान्य संस्थांची यादी सरकारनें प्रसिद्ध केलेली असते. फी भरण्यापूर्वीं संस्थेचें नांव तींत आहे काय, व तिला कोणत्या वर्गाचें शिक्षण देण्याची मान्यता आहे, एवढें पाहण्यास पाव तास पुरतो. आमच्या पुतण्यानें तो पाव तास वांचविला.

यंत्राचेही कागद निराळे आहेत. प्रत्येक ड्रोनास स्वतःचा नोंदणी क्रमांक असावा लागतो, जसा ट्रॅक्टरास असतो. नॅनो सोडून इतरांस तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा लागतो. परदेशीं तयार झालेल्या ड्रोनांची आयात ९ फेब्रुवारी २०२२ पासून, संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांखेरीज, बंद केलेली आहे. यास्तव कोणी नातेवाइकाच्या पेटींतून आणलेलें यंत्र स्वस्त देत असेल तर त्याची नोंद कशी होणार हें त्यालाच विचारावें.

आतां आकाशाची गोष्ट. जमिनीचा जसा गटनकाशा, तसा सरकारनें आकाशाचाही नकाशा केला आहे, व त्यांत हिरवें, पिवळें व लाल अशीं तीन क्षेत्रें दाखविलीं आहेत. हिरव्यांत जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाहीं. पिवळ्यांत विमानवाहतूक नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागते. लालमध्यें केंद्र सरकारच्या अनुज्ञेवांचून कांहींच उडवितां येत नाहीं. हा विषय इतर जिल्ह्यांपेक्षां आमच्या जिल्ह्यास अधिक लागू आहे. शहरास लागून लष्कराची छावणी, चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र व वाहन संशोधन संस्था आहे; नगर, राहुरी व पारनेर या तालुक्यांस लागून के. के. रेंज हें तोफांच्या सरावाचें मैदान आहे. आणि कोपरगांव तालुक्यांत काकडी येथें शिर्डीचा विमानतळ २०१७ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यांत २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. आपलें शिवार कोणत्या रंगांत पडतें हें शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ठरवूं नये; नकाशा दर वेळीं पाहावा, कारण रंग बदलूं शकतो. कसूर झाल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

शिक्षण कोठें घ्यावें? नागापूरहून मनमाड रस्त्यानें गेलें असतां राहुरीस महात्मा फुले कृषि विद्यापीठ लागतें. तेथें ड्रोन-चालकांच्या शिक्षणाची सोय झालेली आहे, व शेतीच्या कामासाठीं शिकणाऱ्यानें प्रथम तेथें चौकशी करावी असें आमचें मत आहे. खाजगी मान्य संस्थाही राज्यांत आहेत. लघु वर्गाचा अभ्यासक्रम बहुधा पांच दिवसांचा असतो. त्यांत नियम, हवामान, यंत्राचे भाग, बॅटरीची निगा व संकटकाळीं काय करावें हें आधीं वर्गांत शिकवितात. नंतर संगणकाच्या पडद्यावर खोटें उड्डाण करवितात, त्यास सिम्युलेटर म्हणतात. आणि शेवटीं मैदानांत खरें यंत्र हातीं देतात.

चालविण्याची पेटी पाहिली तर साधी दिसते. दोन कांड्या असतात. बहुतेक ठिकाणीं डाव्या कांडीनें उंची कमीजास्त होते व यंत्र जागच्या जागीं वळतें. उजवीनें तें पुढें-मागें व डावीउजवीकडे सरकतें. अडचण एकच, पण ती मोठी आहे. यंत्राचें तोंड चालकाच्या दिशेनें फिरलें कीं डावें-उजवें उलटें होतें. नवशिका गोंधळून कांडी ज्या बाजूस लोटतो, त्याच्या विरुद्ध बाजूस यंत्र जातें, आणि तो घाबरून आणखी लोटतो. पडद्यावरील सराव मुख्यतः हा गोंधळ मोडण्यासाठीं असतो, व जे विद्यार्थी त्यास पोरखेळ समजून टाळतात तेच पुढें मैदानांत पंखे मोडतात, असें एका शिक्षकानें आम्हांस सांगितलें.

दुसरी गोष्ट उपग्रहांच्या आधाराची. साधारण स्थितींत यंत्र उपग्रहांच्या संदेशावरून आपली जागा धरून ठेवतें. परंतु उच्च दाबाच्या विजेच्या तारा, लोखंडी सांगाडे व पत्र्यांचीं छपरें यांच्याजवळ होकायंत्र बिघडूं शकतें, आणि मग वारा नेईल तिकडे यंत्र वाहूं लागतें. नागापूर-बोल्हेगांवच्या बाजूस शेतांच्या डोक्यावरून तारा व बांधापलीकडे कारखान्यांच्या शेड अशी स्थिति असल्यानें, उपग्रहावांचून हातानें यंत्र सांभाळण्याचा सराव ज्यानें भरपूर केला नाहीं त्यानें या शिवारांत येऊंच नये. तसेंच "घरीं परत" नांवाची एक कळ असते. संदेश तुटला किंवा बॅटरी संपत आली कीं यंत्र निघालेल्या जागीं आपोआप परत येतें. येतें तें सरळ रेषेंत, व नेमून दिलेल्या उंचीवरून. मध्यें निलगिरीचें झाड असेल तर अनेक यंत्रांस तें दिसत नाहीं. म्हणून उडविण्यापूर्वीं शेतास एक फेरी पायीं घालावी व सर्वांत उंच झाड किंवा तार पाहून परतीची उंची ठरवावी.

बॅटरीविषयीं वर्गांत पुष्कळ सांगतात व घरीं आल्यावर सर्व विसरतात. उड्डाणानंतर ती गरम असते. निवल्याखेरीज चार्जिंगला लावूं नये. फुगलेली बॅटरी वापरूं नये. मे महिन्यांत बंद गाडींत ठेवूं नये. पुष्कळ दिवस काम नसेल तर पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवतां सुमारें निम्मी भरून ठेवावी.

हें सर्व पांच दिवसांत शिकतां येतें. जें शिकतां येत नाहीं तें फवारणीचें शास्त्र होय, आणि शेतकऱ्याचें नुकसान तेथेंच होतें. पाठीवरील पंपानें एकरास दीडशें-दोनशें लिटर पाणी जातें. ड्रोननें दहा लिटर. औषधाची एकरी मात्रा मात्र तीच राहते. म्हणजे ड्रोनच्या टाकींतील पाणी पंद्रा-वीस पट तीव्र असतें, व चूकही तितक्याच पट भोंवते. एक हिशेब देतों, तो मुलांकडून करून घ्यावा. समजा यंत्र सेकंदास ४ मीटर वेगानें जातें व ४ मीटर रुंद पट्टा भिजवितें. सेकंदास १६ चौरस मीटर झाले. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. त्यास सुमारें २५३ सेकंद, म्हणजे वळणें सोडून सव्वाचार मिनिटांच्या आसपास लागतात. तेवढ्यांत दहा लिटर जावयाचे तर मिनिटास सुमारें २.४ लिटर सोडले पाहिजेत. आतां चालकानें भीतीनें वेग ३ मीटर केला व पाण्याचा प्रवाह तोच ठेवला, तर पिकास एकतृतीयांश औषध अधिक बसलें. दोन पट्टे एकमेकांवर चढले तर तेथें दुप्पट. पान करपल्यावर मग औषधवाल्याशीं भांडण सुरू होतें.

वारा पाहणें हें त्याहून महत्त्वाचें. यंत्र पिकाच्या शेंड्यावर साधारण दीड ते तीन मीटर उंचीवरून जातें, आणि थेंब बारीक असतात. सकाळचा व संध्याकाळचा मंद वारा असतांनाच काम करावें. दुपारच्या उन्हांत थेंब पानावर पडण्यापूर्वींच आटतो. शेजारी तुतीची बाग, मधमाशांच्या पेट्या, विहीर किंवा गोठा असेल तर त्या बाजूस पुरेसें अंतर सोडावें. केंद्रीय कृषि मंत्रालयानें ड्रोन-फवारणीची कार्यपद्धति २१ डिसेंबर २०२१ रोजीं प्रसिद्ध केली आहे. ती मुलानें वर्गास जाण्यापूर्वींच वाचावी. गांवांत आगाऊ वर्दी देणेंही अगत्याचें. २०२४ च्या पावसाळ्यांत पुणें व बीडकडील खेड्यांत रात्रीं ड्रोन घिरट्या घालतात अशा वार्तेनें लोकांनीं रात्रीच्या रात्री जागून काढल्या. अशा दिवसांत न सांगतां कोणी यंत्र उडविलें तर त्याची काय गत होईल हें सांगावयास नको.

आमच्या भावकींतील एकाच्या टोमॅटोवर गेल्या सालीं असा प्रसंग आला. भाड्यानें आलेल्या चालकानें आदल्या दिवशीं दुसऱ्या गांवीं उसांत टू-फोर-डी हें तणनाशक मारलें होतें. टाकी एकदां पाण्यानें खळबळून त्यानें तींतच बुरशीनाशक भरलें. चार दिवसांनीं शेंडे वळले, पानें वाटीसारखीं आकसलीं, व फुलें गळालीं. टोमॅटो, कापूस व द्राक्षें यांस हें तणनाशक अत्यल्प प्रमाणांतही बाधतें. चालकाजवळ प्रमाणपत्र होतें, आणि तें खरें होतें. त्याच्याजवळ नव्हती ती वही. काल कोठें, कोणतें औषध, किती वाजतां, वारा कोणत्या दिशेचा, टाकी किती वेळां धुतली, हें लिहून ठेवलें असतें तर निदान दोघांनाही कारण लगेच कळलें असतें. तणनाशकास स्वतंत्र टाकी, नळ्या व तोट्या ठेवाव्या हें उत्तम; तें परवडत नसेल तर तणनाशकाचें काम घेऊंच नये.

आतां मिळकतीचा विचार. एकरी चारशें रुपये दर धरूं. रोज पंद्रा एकर व वर्षांत साठ दिवस काम मिळालें, तर ९०० एकरांचे ३,६०,००० रुपये झाले. मदतनीसाची मजुरी रोज पांचशें धरून ३०,०००. गाडी व जनरेटरचें तेल रोज सहाशें धरून ३६,०००. विमा व दुरुस्ती ४०,०००. बॅटरीची जोडी चाळीस हजारांची व ती तीनशें वेळां चालली असें समजलें, तर एका उड्डाणास १३३ रुपये नुसते बॅटरीच्या झिजेचे. एकरास एक उड्डाण धरून वर्षाचे १,२०,०००. हीच रक्कम विकणारा सांगत नाहीं. एकूण खर्च २,२६,००० वजा जातां हातीं १,३४,००० राहिले, व त्यांतून यंत्राची झीज आणि कर्जाचे हप्ते जावयाचे. आंकडे ज्यानें त्यानें आपल्या भागाप्रमाणें बदलावे. रकाने मात्र हेच ठेवावे. यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, एकट्या कुटुंबानें कर्ज काढून यंत्र घेण्यापेक्षां संस्थेनें तें घ्यावें व शिकलेल्या मुलांनीं त्यावर मजुरीनें काम करावें. अवजारें भाड्यानें देणाऱ्या सहकारी केंद्रांस किमतीच्या ४० टक्के, कमाल ४ लाख, आणि कृषि पदवीधरानें असें केंद्र काढल्यास ५० टक्के, कमाल ५ लाख, असें अनुदान सरकारनें २०२२ सालीं जाहीर केलें होतें. सध्यां तें कोणत्या अटींवर चालू आहे हें तालुका कृषि अधिकाऱ्याच्या कचेरींत विचारून मगच बयाणा द्यावा.

स्त्रियांच्या बचतगटांसाठीं केंद्रीय मंत्रिमंडळानें २९ नोव्हेंबर २०२३ रोजीं नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली. २०२३-२४ ते २०२५-२६ या मुदतींत पंधरा हजार गटांस यंत्रें देण्याचें योजिलें होतें, व किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख, मदत ठेवली होती. तींत शिक्षण पंद्रा दिवसांचें होतें: पांच दिवस उड्डाणाचे आणि दहा दिवस खत-औषध फवारणीचे. उड्डाणास पांच व फवारणीस दहा, हें प्रमाण आम्हांस फार योग्य वाटतें, आणि खाजगी वर्गांत जाणाऱ्यानेंही फवारणीचे दहा दिवस एखाद्या कृषि विज्ञान केंद्रांत किंवा अनुभवी चालकाच्या हाताखालीं काढावे.

ड्रोनचें दुसरें काम सार्वजनिक आहे, व त्याविषयीं लिहितांना आमची लेखणी थोडी लांबेल. गांवठाणांतील घरांस सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा करआकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. तरी लोक तोच उराशीं धरून बसत. आमच्या नोकरींत भावाभावांचे असे कित्येक तंटे आम्हीं पाहिले, ज्यांत दोन हात रुंद बोळासाठीं दोन पिढ्या बोलेनाशा झाल्या. जुनी मोजणी शंकुसाखळीनें होत असे. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा. दाट गांवठाणांत ती साखळी ताणावयास जागाच नसे. पुरंदर तालुक्यांतील सोनोरी या गांवीं आपल्या राज्याच्या भूमि अभिलेख खात्यानें भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साह्यानें गांवठाणाची ड्रोननें मोजणी प्रथम करून पाहिली, आणि पुढें २४ एप्रिल २०२० पासून हेंच काम स्वामित्व योजना या नांवानें सुरू झालें. १८ जानेवारी २०२५ रोजीं एकाच दिवशीं ६५ लाखांहून अधिक मिळकतपत्रिका वाटण्यांत आल्या. त्यांत महाराष्ट्रही होता.

या मोजणींत उड्डाण हें सर्वांत सोपें काम असतें. त्यापूर्वीं ग्रामसभा होते व प्रत्येकानें आपली हद्द चुन्यानें आंखावयाची असते. ड्रोन वरून एकमेकांवर चढणारीं असंख्य छायाचित्रें घेतो, तीं जोडून नकाशा होतो, आणि मग कर्मचारी तो नकाशा हातांत घेऊन घरोघर फिरतात. हें फिरणें कां लागतें? कारण वरून छप्पर दिसतें, भिंत दिसत नाहीं. वळचण भिंतीच्या बाहेर दोन फूट आलेली असते. चिंचेखालील परसूं दिसतच नाहीं. ज्या दिवशीं चुना पडला त्या दिवशीं जो घरधनी पुण्यामुंबईस होता, त्याची हद्द शेजाऱ्याच्या हातानें आंखली गेली. म्हणून ज्या गांवीं चौकशी व हरकतींचें काम अद्याप व्हावयाचें आहे, तेथील सभासदांनीं त्या दिवशीं गांवीं हजर राहावें. आणि ज्या मुलांस फवारणीपेक्षां या नकाशाच्या कामांत रस वाटेल, त्यांनीं उड्डाणाबरोबर मोजणीचें गणित व नकाशा जोडण्याचें संगणकाचें काम शिकावें; नुसत्या उड्डाणावर तेथें कोणी ठेवीत नाहीं.

आमच्या पुतण्यानें आतां राहुरीच्या वर्गासाठीं अर्ज केला आहे. पाळी येईपर्यंत रोज सकाळीं सात वाजतां व सायंकाळीं पांच वाजतां बांधावर काठीस फडकें बांधून तो वाऱ्याची दिशा व जोर वहींत टिपतो. महिन्याभरांत त्याच्या ध्यानीं आलें कीं आमच्या पश्चिमेच्या तुकड्यावर सायंकाळचा वारा बहुतेक दिवस शेजाऱ्याच्या कांद्याकडे वाहतो. तें त्यानें शेजाऱ्यास जाऊन सांगितलें; शेजारी म्हणाला, "हें मला ठाऊकच होतें, पण तुझ्या वहींत आलें तें बरें झालें."